नव्या चित्रांचा जुना रंग

छायाचित्राची कला १८३९ साली जगापुढे आली. तेव्हापासून तिच्या उपासकांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. चित्र अधिक स्वच्छ कसे निघेल, अधिक रेखीव कसे होईल आणि अधिक लवकर कसे हाती येईल, हाच तो ध्यास. काचेवर डाग पडू नयेत, कडा काळवंडू नयेत, समोरचा माणूस हलला तरी त्याचा चेहरा पुसट होऊ नये, वर्षे लोटली तरी कागद पिवळा पडू नये, यासाठी कित्येक रसायनज्ञांनी आणि कारागिरांनी आपले आयुष्य वेचले. आज त्यांचे ते सारे मनोरथ पूर्ण झाले आहेत. खिशातला मोबाइल काढावा, बोट टेकवावे आणि निर्दोष चित्र पाहावे, इतके ते सोपे झाले आहे. आणि नेमक्या याच वेळी एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली आहे. माणसे ते निर्दोष चित्र संगणकावर घेतात आणि त्याला मुद्दाम डाग पाडतात, त्याच्या कडा काळवंडून टाकतात, त्याचा रंग उडवितात आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची कळा त्याच्यावर चढवितात. आजोबांना जे दोष म्हणून सलत होते, ते नातवाला अलंकार वाटू लागले आहेत.

ही नुसती हौस आहे, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु जी हौस लाखो माणसांना एकाच वेळी लागते, तिच्या मुळाशी काही भूक असते. ती भूक कशाची आहे आणि ती भागविताना आपण काय कमावतो नि काय गमावतो, याचा थोडा विचार आज आपणांपुढे मांडावा, असा माझा हेतू आहे.

प्रथम ही हौस कोठे राहते ते पाहू. जुन्या वाड्यांच्या पेठांत ती फारशी आढळत नाही. ती आढळते ती जेथे जुने काहीच उरले नाही अशा ठिकाणी. बंगळूर शहराच्या आग्नेयेस जाणारा सर्जापूर रोड हे अशा ठिकाणाचे उत्तम उदाहरण म्हणता येईल. कोरमंगलाच्या बाजूने निघालेला हा रस्ता अगरा, इब्बलूर, दोड्डकन्नळ्ळी, दोम्मसंद्र अशी गावे घेत आनेकल तालुक्यातील सर्जापूरपर्यंत जातो. एके काळी त्याच्या दोन्ही अंगांना शेते आणि तळी होती. आज त्या शेतांवर उंचच उंच इमारती उभ्या आहेत, आणि संगणकाच्या व्यवसायातील कंपन्यांची कार्यालये आहेत. दोड्डकन्नळ्ळीस विप्रो या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. या इमारतींतून हिंदुस्थानच्या प्रत्येक प्रांतातील माणसे राहतात, आणि त्यांत मराठी कुटुंबांची संख्याही थोडी नाही. बंगळूर मराठी माणसाला अपरिचित नाही. शहाजीराजांची जहागीर येथे होती, हे आपण शाळेपासून वाचीत आलो. परंतु आज तेथे गेलेले मराठी कुटुंब जहागिरीसाठी गेलेले नाही, नोकरीसाठी गेलेले आहे. सातारा, जळगाव, नागपूर येथून दोन बॅगा घेऊन ते निघाले, आणि नव्या घरात पोहोचले तेव्हा त्यांच्यापुढे एक पांढरीशुभ्र, रिकामी भिंत उभी राहिली.

जुन्या घरात भिंत रिकामी नसे. माजघरात, ओसरीवर लाकडी चौकटींतल्या तसबिरी ओळीने टांगलेल्या असत. एक पाय दुसऱ्यावर टाकून खुर्चीत बसलेले पणजोबा, त्यांच्यामागे उभी असलेली पणजी, पदवीच्या झग्यातले काका, लहानपणीच गेलेली एखादी आत्या. मुलांना त्यांची नावे कोणी शिकवीत नसे. जाता-येता ती आपोआप पाठ होत. वाडा विकला, वाटण्या झाल्या, तसबिरी कोणाच्या तरी माळ्यावर गेल्या. सर्जापूर रोडवरील त्या पांढऱ्या भिंतीला मग आपले पूर्वज हवेसे वाटू लागतात. जुन्या रंगाची भूक आहे ती ही. ती पोरकटपणाची नव्हे, पोरकेपणाची आहे.

आता ज्या जुन्या चित्रांची नक्कल आपण करतो, ती मुळात कशी होत असत ते सांगतो. पॅरिस येथे डागेर याने आपली कृती १८३९ च्या ऑगस्ट महिन्यात जाहीर केली. चांदीचा मुलामा दिलेल्या, आरशासारख्या तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडात टॅलबट याने कागदावर ऋणप्रत काढून तिच्यापासून हव्या तितक्या प्रती काढण्याचा मार्ग दाखविला, आणि १८४१ साली त्याचा हक्क नोंदविला. १८४२ साली ज्योतिषशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने लोखंडाच्या क्षारांपासून निळे चित्र काढण्याची युक्ती शोधली. आपल्याकडील इंजिनियर ज्याला ब्ल्यू प्रिंट म्हणत आले, तो त्याच कुळातला. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतून ओल्या काचेवर चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. ही काच वाळण्यापूर्वीच, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांच्या आत, चित्र घेऊन धुवावे लागे. आपल्या उन्हाळ्यात तर तेवढाही अवकाश मिळत नसे. म्हणून छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू, पाण्याच्या पखाली आणि औषधांच्या बाटल्या यांचे बिऱ्हाड चाले. त्या काचेवरून कागदावर जे चित्र छापीत, त्या कागदाला अंड्याचा पांढरा बलक लावलेला असे. त्या बलकामुळे चित्राला एक मंद चकाकी येई, आणि पुढे तोच बलक पिवळा पडे. आपण ज्याला जुन्या फोटोचा रंग म्हणतो, तो पुष्कळ अंशी या पिवळ्या पडलेल्या बलकाचा रंग आहे.

ही विद्या आपल्या देशात उशिरा आली असे मात्र कोणी समजू नये. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांत गणले जातात. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी कॅमेऱ्यातही तितकाच रस घेतला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे मराठी छायाचित्रकार या व्यवसायात उतरले. इकडे बंगळूर येथे मद्रास सैन्यातील लिनियस ट्राइप नावाचा अधिकारी होता. त्याने १८५४ च्या अखेरीस हळेबीड आणि बेलूर येथील देवळांची चित्रे घेतली. म्हणजे आज ज्या शहरातील तरुण जुन्या चित्रांचा रंग संगणकावर शोधीत आहेत, त्या शहरात तो रंग नवा असतानाच येऊन पोहोचला होता.

आता नकलेकडे वळू. संगणकावर जुने चित्र बनविणे म्हणजे चित्रातले रंग काढून टाकावेत, वर तपकिरी रंगाचा हात फिरवावा, थोडे ओरखडे आणि थोडी रवाळ भुकटी पसरावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोबाइलवरील तयार फिल्टर याहून अधिक काही करीत नाहीत. परंतु ज्याने अस्सल जुने चित्र हातात घेऊन पाहिले आहे, त्याला ही नक्कल क्षणात ओळखू येते. मराठी शिकलेल्या परक्याने शब्द बरोबर वापरावेत आणि विभक्ती चुकवाव्यात, तसे ते होते. जुन्या चित्रांनाही त्यांचे एक व्याकरण आहे.

त्या व्याकरणाचा पहिला नियम असा, की जुन्या काचेला सगळे रंग दिसत नसत. कोलोडियनची काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला तत्काळ जागी होई, परंतु तांबड्या आणि पिवळ्या रंगापुढे ती जवळजवळ आंधळी होती. म्हणून त्या चित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे येते, कुंकू काळे येते, ओठ काळसर येतात, उन्हाने रापलेला चेहरा असतो त्याहून गडद दिसतो, आणि पिवळे सोने झळकण्याऐवजी मंद होऊन बसते. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरव्या प्रकाशाची दृष्टी देण्याचा मार्ग शोधला, आणि तेथून ही उणीव हळूहळू भरून आली. संगणकावर ही दृष्टी परत आणणे अवघड नाही. रंगीत चित्र हे तांबडे, हिरवे आणि निळे अशा तीन थरांचे बनलेले असते. त्यांतले पहिले दोन थर वजा करून केवळ निळ्या थरावरून काळे-पांढरे चित्र बनवावे. एवढे एकच केले, की चेहरा एकदम दीडशे वर्षे मागे जातो. तपकिरी रंगाची गरज त्यानंतर लागते.

दुसरा नियम रव्यांचा. जुने म्हटले की चित्र रवाळ असलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो. वास्तविक डागेरचा पत्रा आणि कोलोडियनची काच यांच्याइतकी गुळगुळीत चित्रे पुढेही क्वचितच निघाली. भिंग घेऊन पाहिले तर अंगरख्याच्या विणीतला धागा त्यांत दिसतो. रवाळपणा ही विसाव्या शतकातील जलद फिल्मची खूण आहे. १८६० च्या चित्रावर तो चढविणे म्हणजे पेशव्यांच्या दरबारात घड्याळाचा गजर वाजविण्यासारखे आहे.

तिसरा नियम काळाचा. त्या वेळी एका चित्राला कित्येक सेकंद लागत. माणसाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावीत. म्हणूनच त्या चेहऱ्यांवर हसू नाही. हसू इतका वेळ टिकत नाही. वाहते पाणी धुक्यासारखे दिसते, झाडाची पाने पुसट होतात, आणि गजबजलेला रस्ता निर्मनुष्य दिसतो. डागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचे चित्र घेतले, त्यात त्या वाहत्या रस्त्यावरचा एकच माणूस स्पष्टपणे उमटला, कारण तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. एका हजारांश सेकंदात टिपलेल्या, पदर वाऱ्यावर उडत असलेल्या तरुणीच्या चित्राला आपण तपकिरी रंग दिला, तर रंग जुना आणि क्षण नवा, अशी त्याची गत होते.

चौथा नियम भिंगाचा आणि हाताचा. १८४० साली पेट्झव्हाल याने व्यक्तिचित्रांसाठी जे भिंग तयार केले, त्यात मधला चेहरा अत्यंत स्पष्ट येई आणि कडेचे सर्व काही गरगरत विरून जाई. द्रावण काचेच्या एका कोपऱ्यावर धरून ओतीत, म्हणून त्या कोपऱ्यात त्याचे ओघळ आणि धरणाऱ्या बोटाची खूण राहत असे. हे डाग कोठेही पडत नसत. त्यांना कारण असे, आणि म्हणून त्यांना जागा असे. संगणकावर डाग पाडणाऱ्याने निदान एवढे विचारावे, की हा डाग येथे का पडला असता?

आणि पाचवा नियम आपल्याकडील स्त्रियांच्या नथीवरून चटकन ध्यानात येईल. डागेरचा पत्रा, किंवा पुढे लोखंडी पत्र्यावर घेत ते टिनटाइप, यांत ऋणप्रत मध्ये नसल्यामुळे चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. पाटीवरची अक्षरे उलटी येतात, डाव्या हातातले कडे उजव्या हातात जाते. आपल्याकडील नथ डाव्या नाकपुडीत असते. अस्सल पत्र्यावरच्या चित्रात ती उजवीकडे दिसली पाहिजे. नकलेत ती आपल्या जागीच राहते, आणि साऱ्या कौशल्याची चुगली करते.

सर्जापूर रोडवरील एका परिचितांच्या घरी मी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. घरातला तरुण मूळचा सातारकडचा, व्यवसायाने संगणक-अभियंता. त्याच्या पणजीचे एकही छायाचित्र कोणी काढलेले नव्हते. घरात तिची नथ तेवढी राहिली होती. त्याने आपल्या आत्याला नऊवारी नेसविली, ती नथ घालविली, खिडकीच्या उजेडात काळ्या पडद्यापुढे बसविले, आणि त्या चित्राला संगणकावर पत्र्यावरच्या जुन्या चित्राचे रूप दिले. काम मोठे नजाकतीचे झाले होते. मोठ्या चौकटीत ते बैठकीच्या भिंतीवर लावले होते. मी सहज विचारले, "या कोण?" त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी तत्परतेने म्हणाली, "ही माझी खापरपणजी." सगळे हसले. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, मी अजून हयात आहे. आणि माझी आजी माझ्यासारखी दिसत नव्हती. तिचा चेहरा उभट होता, आणि कपाळावर इथे गोंदण होते. माझ्या डोळ्यांपुढे ती रोज येते. आता या पोरीच्या डोळ्यांपुढे मी येणार. मग माझ्या आजीने जायचे कुठे?"

त्या वाक्याने खोलीत क्षणभर शांतता पसरली. त्या तरुणाने कोणालाही फसविले नव्हते. त्याने भक्तीनेच ते चित्र केले होते. तरीही त्या भिंतीवर एक स्त्री दुसऱ्या स्त्रीची जागा घेऊन बसली होती. शिवाय ती पणजी विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेली. तिच्या तारुण्यात साताऱ्यास एखाद्या स्टुडिओत तिचे चित्र निघाले असते, तर ते जेलाटिनच्या कागदावरचे, काळ्या-करड्या रंगाचे निघाले असते. पत्र्याचा तो काळ तिच्या जन्मापूर्वीच सरला होता. जुनेपणाचा मोह असा असतो. तो आपल्या माणसाचा काळ शोधीत नाही, त्याला नुसता काळपट रंग पुरतो.

येथे कोणी असे म्हणेल, की मग जुने छायाचित्रकार तरी कोठे सत्यवादी होते? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ज्या ट्राइपचा मी वर उल्लेख केला, त्याच्या कागदी ऋणप्रतींवर आकाश कोरे येई. ते त्याला रुचेना. म्हणून त्याने कित्येक ऋणप्रतींवर रंगाने ढग काढले आणि झाडांची पालवी भरून घेतली. मुंबईस विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे १८६३ ते १८६६ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांत एके ठिकाणी घेतलेल्या माणसांच्या आकृती दुसऱ्या ठिकाणच्या देखाव्यापुढे बसविलेल्या आहेत. माणूस खरा, जागाही खरी, परंतु तो माणूस त्या जागी उभा राहिलेलाच नाही. संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या छायाचित्रांवर तर आपल्या चितारीमंडळींनी इतका रंग चढविला, की खाली फोटो आहे हे शोधून काढावे लागते. तेव्हा चित्रात फेरफार करणे हा काही संगणकाने शोधून काढलेला अपराध नव्हे. कात्री, कुंचला आणि डिंक यांनी ते काम सव्वाशे वर्षे केले, आणि १९९० साली फोटोशॉप आले तेव्हा तेच काम पडद्यावर आले, इतकेच.

मग भेद कोठे आहे? माझ्या मते तो हातचलाखीत नाही, दाव्यात आहे. ट्राइपचा ढग कोणत्याही विशिष्ट दिवसाचा ढग असल्याचा दावा करीत नव्हता. देऊळ मात्र तेथेच होते आणि तसेच होते. उलट आज जुन्या रंगाचा उपयोग पुष्कळदा पुरावा म्हणून केला जातो. तपकिरी रंग दिसला की आपले मन शंका घेणे सोडून देते. रंगाने साक्ष दिली, आता माणसाने ती कशाला द्यायची, असे आपण समजतो.

याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात ते पाहा. अलीकडे वर्णनावरूनच चित्र रचून देणारे संगणकीय कार्यक्रम निघाले आहेत. त्यांना कॅमेरा लागत नाही, समोर माणूस लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे 'छायाचित्र' म्हणून मोबाइलवर काही आले, तर आपण निदान हिशेब करू शकतो. महाराजांचे देहावसान १६८० साली झाले आणि छायाचित्रण १८३९ साली जन्मले. मधली १५९ वर्षे कोणताही रंग भरून काढू शकत नाही. परंतु झाशीच्या राणीच्या बाबतीत ती सोय नाही. राणी १८५८ साली धारातीर्थी पडली, आणि तोवर हिंदुस्थानात कॅमेरा आलेला होता. म्हणून राणीचे अस्सल छायाचित्र असे सांगत फिरणाऱ्या चित्रावर लोकांचा सहज विश्वास बसतो. ते तिचेच आहे असे सिद्ध करणारा सर्वमान्य पुरावा मात्र पुढे आलेला नाही. शक्यता आणि सत्य यांच्यामधली फट जितकी अरुंद, तितकी फसवणूक सोपी.

याच्या उलट एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असलेल्या तीन परदेशी विद्यार्थिनींचे ते चित्र आहे. त्यांतली एक आपली आनंदीबाई जोशी, दुसरी जपानची केइ ओकामी, तिसरी सीरियाची साबात इस्लांबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. चित्रावर तिघींची नावे आहेत, आणि १० ऑक्टोबर १८८५ ही तारीख आहे. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. या चित्रापुढे आपला जीव भरून येतो, तो त्याच्या रंगामुळे नव्हे. त्या दिवशी, त्या शहरी, त्या चेहऱ्यावरून परावर्तित झालेला प्रकाश त्या काचेवर खरोखर पडला होता, म्हणून. आणि ते आपण निःशंकपणे म्हणू शकतो, कारण कोणीतरी नावे लिहिली, कोणीतरी तारीख घातली, आणि एका संस्थेने ते जपून ठेवले. चित्राचे मोल त्याच्या तपकिरी रंगात साठत नाही. ते त्या चार ओळींत साठते.

मग जुन्या रंगाचा हा खेळ खेळूच नये काय? असे मी म्हणणार नाही. उलट तो चांगला खेळावा, असेच मी सुचवीन. जो मनुष्य निळ्या थराचे रहस्य समजून घेऊन चित्र करतो, त्याला जुन्या छायाचित्रकारांच्या अडचणी कळतात, आणि अडचणी कळल्या म्हणजे त्यांच्याविषयी आदर वाटू लागतो. नक्कल हाही अभ्यासाचा एक मार्ग आहे. आपल्या गायनाच्या घराण्यांत शिष्य प्रथम गुरूची नक्कलच करतो. फक्त तो मैफलीत गुरूचे नाव सांगून स्वतः बसत नाही.

याहून एक पाऊल पुढे टाकणारेही आहेत. ते संगणकावर चित्र सिद्ध करतात, त्याचे काळे-पांढरे उलटवून पारदर्शक फिल्मवर छापतात, आणि ती फिल्म ऋणप्रत म्हणून वापरतात. हर्शेलच्या रीतीचे लोहक्षारांचे द्रावण जाड कागदाला लावून ते अंधारात वाळवितात, वर ती फिल्म ठेवून काच दाबून बसवितात आणि तो कागद उन्हात ठेवतात. थोड्या वेळाने साध्या पाण्यात धुतले की गडद निळे चित्र वर येते. यात संगणकाचे नवेपण आहे, आणि सूर्याचे जुनेपणही आहे. सर्जापूर रोडवरील एखाद्या इमारतीच्या गच्चीत रविवारच्या सकाळी मुलांना घेऊन हे सहज करता येईल. त्या कागदावर जो निळा रंग येतो, तो जुन्या रंगाची नक्कल नव्हे. तो तोच रंग आहे. त्याची तारीख तेवढी आजची आहे, आणि ती आजचीच घालावी.

याशिवाय तीन साधे नियम पाळले, तर या हौसेतून कोणाचेही नुकसान होणार नाही. पहिला, मूळ चित्र कधीही पुसू नये. संगणकावर फेरफार करावयाचे ते त्याच्या प्रतीवर करावेत. दुसरा, केलेल्या चित्राच्या मागे, किंवा ते पडद्यावर असेल तर त्याच्याबरोबर, हे चित्र कोणाचे, कोणी, कोणत्या साली केले, आणि त्यात काय फेरफार केले, हे स्पष्ट लिहावे. २०२१ पासून काही मोठ्या कंपन्या एकत्र येऊन चित्राच्या उगमाची अशी नोंद चित्राबरोबरच बांधून ठेवण्याचे प्रमाण सिद्ध करीत आहेत. त्यांचा तो प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी अद्यापही त्याहून स्वस्त आणि टिकाऊ आहेत. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. नवी जुनी चित्रे करण्यापूर्वी खरी जुनी चित्रे माळ्यावरून खाली आणावीत. ती कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावीत. त्यांच्या चांगल्या प्रती संगणकावर घ्याव्यात. आणि घरात जे वृद्ध माणूस अजून आहे, त्याला शेजारी बसवून एकेका चेहऱ्याचे नाव विचारून घ्यावे. रसायन शतकभर टिकते. स्मृतीला तेवढा अवकाश नसतो.

त्या सातारकडच्या तरुणाने पुढे काय केले तेही सांगतो. चित्र त्याने काढून टाकले नाही, आणि ते योग्यच झाले. त्याने त्याखाली एक पट्टी लावली. तिच्यावर आत्यांचे नाव आहे, साल चालू काळाचे आहे, आणि "आजीची नथ घालून" असे शब्द आहेत. त्याच्या शेजारी त्याने एक लहान चौकट टांगली आहे. तिच्यात चित्र नाही. आत्यांनी आपल्या हाताने लिहिलेले आजीचे वर्णन आहे. उभट चेहरा, कपाळावरचे गोंदण, जात्यावर बसली की डावा गुडघा उंच धरण्याची सवय. मला विचाराल तर त्या भिंतीवरची अधिक जुनी आणि अधिक खरी तसबीर ती दुसरीच आहे.

आपल्या पिढीच्या हाती एक सामर्थ्य आले आहे, जे पूर्वी कोणत्याही पिढीच्या हाती नव्हते. आपण भूतकाळाचा रंग हवा तेव्हा, हवा तितका निर्माण करू शकतो. परंतु भूतकाळ निर्माण करू शकत नाही. तो जेवढा घडला तेवढाच आहे, आणि त्यातलाही फार थोडा आपल्यापर्यंत पोहोचला आहे. जे पोहोचले नाही, त्याची जागा मोकळी ठेवण्याचे धैर्य आपल्यापाशी असले पाहिजे. आणि आज आपण जी स्वच्छ, निर्दोष चित्रे काढीत आहोत, तीही एक दिवस जुनी होणार आहेत. त्यांना जुनेपण देण्याचे काम काळ आपल्या सवडीने करील. त्या दिवशी आपल्या नातवंडांना रंग हवा असेल तो मिळेलच. त्यांना खरी गरज पडेल ती नावांची आणि तारखांची. ती मात्र आपणच, आजच, लिहून ठेविली पाहिजेत.